शिंगावरच्या अकरा वळ्या

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

दोन महिने पत्र नाही म्हणून तू रुसला असशील. रुसवा थोडा वेळ खुंटीला टांग, कारण या वेळी सांगण्यासारखं काहीतरी आहे. आमच्या संग्रहालयात एक मडकं आलंय. एका शाळेमागे गटाराचा चर खणताना मजुरांच्या कुदळीला लागलं. आत तीनशे अठरा चांदीची नाणी होती, दोन हजार वर्षांहून जुनी. आणि साहेबांनी ते मडकं माझ्या टेबलावर ठेवलं. आठ वर्षं मी या खोलीत दुसऱ्यांच्या पाट्यांवरची धूळ पुसली. आता जुलैत प्रदर्शन भरेल, त्यातल्या पाट्या माझ्या असतील.

नाण्याच्या एका बाजूला कणीस आहे आणि दुसऱ्या बाजूला बोकड. साधासुधा नाही, रानातला, मागे वळलेल्या मोठ्या शिंगांचा. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत त्या शिंगावर अकरा वळ्या आहेत, मामा! मी भिंगाखाली मोजल्या. दाढीचे केस वेगळे दिसतात. नाकपुडी अशी फुगलीय की आता शिंकेल.

तू मागे विचारलं होतंस की नाणं आलं कुठून. त्याआधी लोक चांदीचे तुकडेच वापरायचे. प्रत्येक व्यवहाराला तराजू काढायचा, तुकडा तोलायचा, कमी-जास्त असेल तर कापायचा, मग भांडायचं. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की एकदा तोललेल्या तुकड्यावर खूण ठोकून टाकावी. खूण दिसली की पुन्हा तोलायला नको. एवढीच सुरुवात. पण नुसती खूण ठोकून भागत होतं, तर या माणसाने बोकडाच्या शिंगावर अकरा वळ्या का कोरल्या असतील? तू जन्मभर पदकांचे ठसे कोरलेस. तूच सांग.

मामीला नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत?

तुझी,
खार

*

१३ फेब्रुवारी

प्रिय खारे,

तुझं पत्र आलं. अक्षर आहे की मुंग्यांची रांग? मी ते मामीच्या हातात दिलं आणि म्हटलं, तूच वाच, पोरीचं कौतुक तुझ्या तोंडून ऐकायला बरं वाटतं. तिने दोनदा वाचलं. पुढच्या वेळी अक्षर मोठं काढ. माझंही मोठं झालंय ते नव्या पेनामुळे, हे पेन जाडच उमटतं.

वळ्या का, ते ऐक. ठसा कोरणारा पोलाद किंवा काशाच्या तुकड्यात उलटं आणि खोलगट कोरतो. नाण्यावर जे वर येतं, ते त्याने आत खणलेलं असतं. दिवसच्या दिवस तो एका बोकडाच्या शिंगात बसलेला असतो. तिथे बसल्यावर वळी काढायची नाही म्हणजे काय करायचं? मालक म्हणतो, बोकड काढ. किती वळ्या काढ, ते मालक सांगत नाही, ते आपलं आपल्याशी असतं. शिवाय अकरा वळ्यांचा बोकड नकली बनवणाऱ्याला घाम फोडतो. पण ते कारण नंतर सुचलेलं. आधी हौस.

एक काम कर. मला फोटो पाठवू नकोस. फोटोत सावली फसवते. त्या नाण्यांचे प्लास्टरचे साचे काढून पाठव, सात-आठ चालतील. हातात घेतल्याशिवाय मला काही बोलता येणार नाही.

गुडघे आहेत तसेच. कारखान्याला कुलूप लावलं ते बरंच झालं. इतके जिने कोण चढणार?

मामा

*

२२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

हे घे मोठं अक्षर. एरवी दोन कागदांत मावलं असतं, आता पाच लागतील.

पेटीत सात साचे कापसात गुंडाळून पाठवतेय. मागे पेन्सिलीने आकडे घातलेत. क्रम असा लागला: कणसाचा ठसा ऐरणीत बसवलेला असायचा, तो खूप टिकायचा. बोकडाचा ठसा हातात धरून त्यावर घण मारायचे, म्हणून तो लवकर झिजायचा आणि नवा कोरावा लागायचा. कणसाच्या ठशाला एक तडा गेलाय आणि तो नाण्यागणिक वाढत गेलाय. तड्याच्या लांबीवरून आधीचा बोकड कुठला आणि नंतरचा कुठला ते कळतं.

आणि इथेच माझं घोडं पेंड खातंय. पहिले बोकड म्हणजे नजर लागावी असे. पण शेवटची एकसष्ट नाणी बघवत नाहीत. वळ्या अकराच्या आठ होतात, मग पाच. दाढीचा नुसता ठोकळा. अगदी शेवटच्या काहींत डोळा आणि दाढीचं टोक तेवढं रेखीव आहे, बाकी सगळं ढोबळ. साहेब म्हणतात, ही मूळ टांकसाळीची नाहीतच. कणसाचा ठसा कुणीतरी पळवला आणि अडाणी हाताने बोकडाची नक्कल केली, डोळा चुकून जमला. त्यांना ही एकसष्ट प्रदर्शनातून काढून तळघरातल्या पेटीत टाकायची आहेत. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, त्यातली गत.

मला ते पटत नाही. पण का पटत नाही ते सांगता येत नाही, आणि साहेबांसमोर "मला वाटतं" चालत नाही. त्यांनी मार्चअखेरपर्यंत मुदत दिलीय. साचे चाचपून बघ आणि मला एखादा मुद्दा दे.

खार

*

६ मार्च

प्रिय खारे,

तुझ्या साहेबांना सांग, नक्कल करणारा कधी वळ्या गाळत नाही. तो मोजून अकराच काढतो, कारण त्याला पकडले जाण्याची भीती असते. वळी गाळायची हिंमत फक्त मूळ कोरणाऱ्याला असते.

आठ दिवस साचे माझ्या खिशात आहेत. एक ते सात, सगळ्यांची मान एकाच झटक्यात कोरलीय: कोरणी कानामागे रोवायची आणि खांद्यापर्यंत एका दमात आणायची. हा झटका उसना घेता येत नाही. तो मनगटात असतो, सही असते तसा. आणि पाच वळ्यांच्या बोकडातल्या वळ्या बघ किती खोल आहेत. कच्चा माणूस खोल जायला घाबरतो. हा घाबरलेला नाही. हात तोच आहे, खारे. त्याचे डोळे गेलेत.

माणसाला दिसेनासं झालं की तो आधी उजेडाला नावं ठेवतो. बाक खिडकीकडे सरकवतो. मग कोरणीला धार नाही म्हणतो. मग सकाळी दहा ते बारा एवढंच काम करतो, कारण तेवढ्या वेळात कडा दिसतात. मग मेणावर ठसा दाबून अंगठ्याने चाचपतो. बारीक रेघ अंगठ्याला कळत नाही, म्हणून ती सोडून देतो आणि स्वतःला समजावतो की अशी ठसठशीतच बरी दिसते. उरलेल्या रेघा खोल करतो, म्हणजे हाताला सापडतील. कुणाला काही बोलत नाही. घरी सांगतो, गुडघे दुखतात.

हा तुझा मुद्दा. साहेबांना सांग आणि बोकडांना तळघरात जाऊ देऊ नकोस.

मामा

*

११ मार्च

प्रिय मामी,

हे पत्र फक्त तुला. मामाचं शेवटचं पत्र तू पोस्टात टाकायच्या आधी वाचलंस की नाही, मला माहीत नाही. त्याने त्यात बोकड कोरणाऱ्या माणसाबद्दल लिहिलंय की दिसेनासं झाल्यावर तो घरी गुडघे दुखतात म्हणून सांगतो. मी ते वाक्य चारदा वाचलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचे गुडघे मामाला साच्यावरून कसे कळले?

त्याचं मोठं झालेलं अक्षर, माझ्या अक्षरावरचा राग, फोटो नको साचे पाठव. मी इतकी कशी गं मठ्ठ? मामी, त्याला किती दिसतं? खरं सांग.

तुझी,
खार

*

१६ मार्च

चि. खार हिस,

तुझं पत्र आलं तेव्हा तो समोरच बसला होता. कुणाचं म्हणून विचारलं. मी म्हटलं, पाणीपट्टीची नोटीस. मग वाचून दाखव म्हणाला. मी तिथल्या तिथे नोटीस रचून वाचली, आणि तो नगरपालिकेला दहा मिनिटं शिव्या देत बसला. तुझं पत्र माझ्या हातात उघडं होतं, त्याच्यापासून दोन हातांवर. यावरून काय ते समज.

तीन वर्षं झाली. त्याला वाटतं मला माहीत नाही. मी चहाचा कप जिथे हात जाईल तिथेच ठेवते, खुर्च्या हलवत नाही, वर्तमानपत्र मोठ्याने वाचते आणि म्हणते की मला तशी सवयच आहे. त्याच्या वडिलांचे डोळे असेच गेले होते, ते परत आले नाहीत. डॉक्टरकडे गेलं तर तेच ऐकावं लागेल, ही त्याची भीती. न ऐकलेलं खोटं असतं, असं त्याचं गणित आहे.

मी सांगितलं तर तो आठवडाभर अबोला धरेल आणि भिंतीला धरून फिरेल. तू बोलाव. माझ्यासाठी येणार नाही, तुझ्यासाठीही कदाचित नाही, पण बोकडांसाठी येईल. मला माझ्या आईला एकटं टाकून निघता येणार नाही, नव्वदी उलटलीय तिची. बसमध्ये मी बसवून देईन, उतरवून तू घे. त्याला हात धरलेला आवडत नाही, म्हणून तू त्याचा हात धर आणि म्हण की मला गर्दीची भीती वाटते.

मामी

*

९ एप्रिल

प्रिय मामी,

फोनवर मी फक्त "सगळं ठीक आहे" एवढंच म्हटलं, कारण मामा शेजारी उभा होता. आता सविस्तर.

तो बसमधून उतरल्यावर मी त्याचा हात धरला आणि गर्दीची भीती वाटते म्हटलं. तो म्हणाला, लहानपणी नव्हती. पण हात सोडवला नाही.

संग्रहालयात साहेबांनी मुदत थोडी वाढवून आमच्यासाठी अर्धा तास काढून ठेवला होता. मामाने नक्कल आणि वळ्या यांचा मुद्दा मांडला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की हे सगळं ऐकायला छान आहे, पण कथा आणि पुरावा यात फरक असतो. मग त्यांनी कपाटातून एक ट्रे काढला. त्या एकसष्टांपैकी बारांचे साचे, पाठीवर आकडे नसलेले, मामाने कधी न पाहिलेले. ते त्यांनी टेबलावर विस्कटले आणि म्हणाले, "हे एकाच माणसाचे असतील आणि त्याची नजर हळूहळू गेली असेल, तर यांचा क्रम लावता आला पाहिजे. लावा."

मामाने कोट काढला. खिडकीकडे पाठ करून बसला. एक-एक साचा उचलायचा, अंगठा मानेवरून फिरवायचा, मग शिंगावरून. डोळे त्याने चक्क मिटून घेतले होते. वीस मिनिटांनी बारा साचे एका ओळीत होते.

साहेबांनी कणसाच्या तड्यांची वही काढली आणि ताडून बघितलं. दहा बरोबर. सातवा आणि आठवा उलटे होते. साहेब म्हणाले की दहा म्हणजेही खूप झालं. मामा म्हणाला, "तुमच्या वहीत चूक असेल." मी खाली बघितलं. साहेब उठले, तिजोरीतून ती दोन खरी नाणी आणली, भिंगाखाली तडा पुन्हा मोजला आणि वहीतले दोन आकडे खोडून आदलाबदल केली. मग बोकडाचं एक खरं नाणं त्यांनी स्वतःच्या हाताने मामाच्या तळव्यावर ठेवलं. आमच्याकडे पाहुण्यांना कुणी नाणं हातात देत नाही. मामाने मूठ मिटली आणि बराच वेळ उघडली नाही.

एकसष्ट बोकड प्रदर्शनात राहणार. साहेबांनी सगळ्यांचे साचे एका खोक्यात घालून मामाला भेट दिले.

बाहेर व्हरांड्यात मी म्हटलं, "मामा, उद्या सकाळी साडेनऊला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय."

तो म्हणाला, "माझे गुडघे दुखतात."

"ते डॉक्टर परवा."

तो जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "त्यांनी बाबांसारखंच सांगितलं तर?"

मी म्हटलं की तसं सांगितलं तर आपण दोघं मिळून ऐकू. "तू इतकी वर्षं एकट्याने ऐकतोयस," असंही त्याला म्हटलं.

आता डॉक्टरकडचं ऐक. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेला. वडिलांचा आजार वेगळा, त्याचा इथे मागमूस नाही. डॉक्टर बाई तरुण आहे आणि फटकळ आहे. म्हणाली, "आजोबा, हे दोन वर्षांपूर्वी पंधरा मिनिटांत झालं असतं. कशाची वाट बघत होता?" मामाने तिला सांगितलं की बोकडाची. ती माझ्याकडे बघायला लागली.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन परवा, डाव्याचं महिन्याभराने. आंधळा मागतो एक डोळा, त्यातला प्रकार. सध्या तो माझ्या स्वयंपाकघरात बसून मला चहा कसा करायचा ते शिकवतोय. ये म्हणणार नाही, पण फोन कर. तुझं नाव निघालं की तो इकडेतिकडे बघतो.

खार

*

२ जून

प्रिय खारे,

हे बारीक अक्षर मुद्दाम काढतोय. सहज येतंय म्हणून.

घरी आल्यावर पहिले चार दिवस मी नुसता फिरत होतो. छताला किती कोळी आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. न्हाणीघरातल्या आरशात एक म्हातारा राहायला आलाय. तुझी मामी मात्र आहे तशीच आहे, केस तेवढे पांढरे झाले. मी तिला तसं सांगितलं, तर म्हणाली, बघत बसू नकोस, दूध उतू जाईल.

आता महत्त्वाचं. परवा मी कारखान्याचं कुलूप काढलं. मला माझे शेवटचे ठसे बघायचे होते. खरं तर बघायचे नव्हते, पण डॉक्टर बाईने म्हटलं होतं की बारीक काम बघून डोळ्यांना सवय लावा. शेवटचं काम पोहण्याच्या शर्यतीच्या पदकाचं होतं, त्यावर हंस. त्याच्या पंखातली बारा पिसं मी गाळली होती. दिसतच नव्हती, काढणार कशी? ते पदक गेलं, कुणी तक्रार केली नाही, आणि त्याच महिन्यात मी कुलूप लावलं.

ठसा उजेडात धरला. बाराही पिसं जागेवर होती. माझ्या पिसांपेक्षा नाजूक. आणि प्रत्येक रेघेचं जाड टोक उलट्या बाजूला. उजव्या हाताने कोरणी जिथून आत शिरते, तिथे ही रेघ संपत होती. डावखुऱ्या माणसाची रेघ.

आपल्या घरात डावखुरं कोण आहे, तुला ठाऊक आहे.

मी स्वयंपाकघरात गेलो आणि विचारलं, "हे कुणी कोरलं?"

"तूच की."

"मी बारा पिसं सोडली होती. मी काय सोडलं ते मला माहीत आहे."

ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "हंसाला थंडी वाजली असती."

शेवटच्या नऊ ठशांत तिचा हात आहे, खारे. मी फिरायला बाहेर पडलो की ती कारखान्यात जायची. तीस वर्षं समोर बसून तिने माझे ठसे पुसले, मेणावर उमटवून दिले, आणि मला वाटायचं ती नुसतं पुसतेय. मला रागही आला, लाजही वाटली, आणि मग काय वाटलं ते लिहिता येत नाही.

त्यानंतर मी साहेबांचं खोकं उघडलं. साचे या वेळी डोळ्यांनी बघितले, भिंग लावून. तुझ्या फेब्रुवारीतल्या पत्रात तू लिहिलं होतंस की शेवटच्या काही बोकडांत डोळा आणि दाढीचं टोक तेवढं रेखीव आहे. मी तिकडे लक्षच दिलं नव्हतं. अंगठ्याला ते लागत नव्हतं, म्हणून माझ्या लेखी ते नव्हतंच. आता बघितलं. शेवटच्या अठरा बोकडांत मान आणि शिंग म्हाताऱ्याचं आहे, आणि डोळा, पापणी, दाढीचं टोक दुसऱ्याचं. दुसरी कोरणी, दुसरा हात, आणि तो डावा. दुसरं कुणीतरी त्याच्या बाकाशी बसत होतं.

म्हणजे मी साहेबांना सांगितलं ते अर्धंच खरं. मी म्हटलं होतं, तो एकटाच अंधारात कोरत राहिला. तो एकटा नव्हता. मी मात्र त्याला माझ्यासारखा समजून बसलो, आणि मीही एकटा नव्हतो, तेही मला ठाऊक नव्हतं.

पाटी छापायला गेली असेल तर थांबव. चूक माझी आहे, असं साहेबांना माझ्या नावाने सांग.

मामा

*

१४ जून

प्रिय मामा,

पाटी छापून आली होती. भली मोठी, माझ्या उंचीची: "अंधारात एकटा." मला तिचा इतका अभिमान होता की छापखान्यातून ती मी स्वतः रिक्षात घालून आणली होती.

तुझं पत्र घेऊन मी साहेबांच्या खोलीत गेले. त्यांनी पत्र पूर्ण वाचलं, मामीचा हंसही वाचला. मग आम्ही दोघं अठरा नाणी घेऊन भिंगाखाली बसलो. तू म्हणतोस ते खरं आहे. रेघांची जाड टोकं उलट्या बाजूला आहेत, अठराच्या अठरांत. साहेब म्हणाले, "मीच म्हणालो होतो ना, डोळा चुकून जमला. बावीस वर्षं नाणी बघतोय मी." मग ते हसायला लागले. मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं, त्यांना एक दात कमी आहे. नवी पाटी त्यांनी स्वतःच्या अधिकारात मंजूर केली. त्यावर एवढंच आहे की शेवटच्या ठशांवर दोन हातांचं काम आहे, एक उजवा आणि एक डावा. दुसरा हात कुणाचा, ते आपल्याला माहीत नाही. मुलगा, मुलगी, भाऊ, बायको, शेजारी, कुणीही असेल. मला "बायको" लिहायचा फार मोह झाला. साहेब म्हणाले की तो मोह पत्रात पुरवा, पाटीवर नको.

आता खरी बातमी, ती मी मुद्दाम शेवटी ठेवली. मडक्याच्या तळाला मातीचा एक कडक गोळा चिकटून होता. आमच्या प्रयोगशाळेत तो तीन महिने भिजत पडला होता, आणि मला तर त्याचा विसरच पडला होता. मंगळवारी तो सुटला. आत चार नाणी निघाली. तीन नेहमीची, अंध म्हाताऱ्याची आणि त्याच्या सोबत्याची. चौथ्याच्या मागे तेच कणीस आहे, तडा सगळ्यात लांब, म्हणजे ते सगळ्यांत शेवटचं. आणि पुढे बोकड आहे, पण डावीकडे बघणारा.

तीनशे एकवीस बोकड उजवीकडे बघतात, मामा. हा एकटा डावीकडे. तूच मला शिकवलं होतंस, उजव्या हाताचा माणूस चेहरा काढतो तो डावीकडे बघणारा, तेच हाताला सोपं जातं, आणि ठशात ते उलटं होऊन नाण्यावर उजवीकडे बघतं. डावखुऱ्याचं बरोबर विरुद्ध. हा अख्खा बोकड डाव्या हाताचा आहे. मानेत म्हाताऱ्याचा झटका नाही. मान तीन तुकड्यांत कोरलीय, जरा बिचकत. शिंग थोडं आखूड पडलंय. पण शिंगावरच्या वळ्या मोजल्या. चौदा!

म्हातारा तेव्हा होता की नव्हता, कळायला मार्ग नाही. मला वाटतं तो होता, शेजारी बसून नको तेवढे सल्ले देत होता. हेही पाटीवर लिहू देणार नाहीत.

प्रदर्शन चार जुलैला सकाळी उघडेल. तुम्ही दोघांनी यायचंय. मामीच्या आईसाठी मी एक नर्स ठरवलीय, तेव्हा ते कारण चालणार नाही.

खार

*

२१ जून

चि. खार हिस,

तुझं पत्र या वेळी त्याने वाचलं, मी ऐकलं. चौदा वाचल्यावर त्याने कागद खाली ठेवला. मग पाणी पिऊन आला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. माझ्या आईला काही कळलं नाही, पण ती म्हणाली, बरं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात ठोकाठोक ऐकू आली म्हणून मी गेले, तर त्याने बाक भिंतीपासून ओढून मधे घेतलं होतं. समोर दुसरी खुर्ची. दिवा त्याने उजवीकडे लावला होता, म्हणजे माझ्या हाताची सावली कामावर पडणार नाही. बाकावर कोऱ्या पोलादाचा एक तुकडा ठेवला आणि म्हणाला, "चोरून बरंच कोरलंस. आता समोर बसून कोर."

मी म्हटलं, मला अख्खं काही येत नाही, मी आपली पिसं भरणारी. तर म्हणाला, चौथ्या नाण्यातल्या त्या माणसालाही येत नव्हतं, मान बघ कशी बिचकलीय.

तर मी कासव घेतलंय. कासव वरून काढतात, म्हणजे ते कुठल्या बाजूला बघतंय हा प्रश्नच येत नाही. पाठीवरच्या खवल्यांची पहिली ओळ झालीय. दोन खवले वाकडे गेले, त्याने ते बघितले आणि तोंड उघडलं. मी त्याला बाहेर जाऊन बसायला सांगितलं.

चार जुलैला आम्ही येतो. साहेबांना सांग, कासवाचा साचा आणेन, पण हात धुतल्याशिवाय हातात देणार नाही.

आत्ता तो दारात खुर्ची टाकून बसलाय आणि दर पाच मिनिटांनी विचारतोय, झालं का, झालं का. एकतीस वर्षं जेवणं खोळंबून त्याच दारात उभी राहून हे मी विचारलं. उत्तर न देण्यात किती सुख असतं, ते मला आज कळलं.

मामी